सगळेच बोलू लागले तर?

गेल्या वैशाखात आमच्या भाचीचे लग्न होते. पुण्यातले मोठे कार्यालय, चार-पाचशे माणूस आणि मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा. बाराला दहा कमी असताना कुजबुज सुरू झाली की नवऱ्यामुलाच्या आजोबांची गाडी अजून पोचलेली नाही. आजोबा आल्याखेरीज अंतरपाट धरायचा नाही, असे वरपक्षाने आधीच बजावून ठेवलेले. मी घाईघाईने खिशातून मोबाईल काढला. पडद्यावर पाचही दांड्या मोठ्या दिमाखात उभ्या होत्या. नंबर लावला, फोन मुका. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारी वरपिते, त्यांच्या पलीकडे त्यांचे मेहुणे, सगळ्यांची तीच गत!

"पाच दांड्या असून फोन लागत नाही, म्हणजे काय म्हणायचे?" मी वैतागून म्हणालो.

माझा धाकटा भाचा इंजिनियरिंगला आहे. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मनोऱ्याचा आवाज तुमच्या फोनला ऐकू येतोय, एवढंच त्या दांड्या सांगतात. तुमची हाक या गर्दीतून मनोऱ्याला ऐकू जाईल की नाही, ते त्यांना ठाऊक नसतं. जरा आजूबाजूला बघा ना!"

मी पाहिले. निम्मे लग्नघर हात उंचावून चित्रे घेत होते आणि ती तिथल्या तिथे जगभर धाडत होते.

आजोबांचे काय झाले ते यथावकाश सांगतोच. पण भाच्याच्या त्या बोलण्याने माझ्या डोक्यात भुंगा सोडला. ऐकू येणे निराळे आणि ऐकू जाणे निराळे, हे इतकी वर्षे फोन वापरूनही मला सुचले नव्हते. लग्नाची धांदल उरकल्यावर त्याच्याकडून चार पुस्तके मागून घेतली आणि वाचू लागलो. तेव्हा कळले की या कोड्यापायी गणिती मंडळी साठ वर्षांहून अधिक काळ डोके शिणवीत आहेत. आणि त्याच्याही कितीतरी आधी, बिनतारी विद्या बाल्यावस्थेत असताना, हेच कोडे भर समुद्रात एका काळरात्री उभे राहिले होते.

कानाशी ओरडणारा शेजारी

ती रात्र १४ एप्रिल १९१२ ची. उत्तर अटलांटिक महासागरातून 'टायटॅनिक' जहाज न्यूयॉर्ककडे चालले होते. जहाजावरच्या बिनतारी खोलीत जॅक फिलिप्स हा २५ वर्षांचा तरुण यंत्राला कान लावून बसला होता. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे उतारूंच्या खासगी तारा तुंबून राहिल्या होत्या, आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील केप रेस या केंद्राशी बोलून तो त्या एकेक करून हातावेगळ्या करीत होता. केप रेस दूर. तिकडून येणारा आवाज अगदी बारीक.

इतक्यात जवळच्याच 'कॅलिफोर्नियन' जहाजावरून सिरिल इव्हान्स या तरुण तारायंत्र्याने हाक दिली, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. बातमी मोलाची होती. पण ती इतक्या जवळून आली, की फिलिप्सच्या कानात तोफेसारखी वाजली आणि केप रेसचा क्षीण आवाज तिच्याखाली पार दडपून गेला. फिलिप्स चिडला. आपण केप रेसशी कामात आहोत, गप्प बस, असे त्याने उलट कळवले. इव्हान्स गप्प बसला. थोडा वेळ नुसता ऐकत राहिला आणि साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपी गेला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले.

मग फिलिप्सने संकटाची हाक सुरू केली. ५८ मैलांवरच्या 'कार्पेथिया' जहाजाने ती ऐकली आणि ते जिवाच्या आकांताने निघाले. पण ते पोचले पहाटे चारच्या सुमारास, आणि टायटॅनिक तर २ वाजून २० मिनिटांनीच तळाला गेले होते. सातशेहून थोडी अधिक माणसे वाचली. सुमारे दीड हजार बुडाली. त्यांत फिलिप्सही होता. कॅलिफोर्नियन हे कार्पेथियापेक्षा कितीतरी जवळ उभे होते, पण त्याचा कान मिटलेला होता.

टायटॅनिकला त्या दिवशी बर्फाचे इतरही इशारे मिळाले होते, तेव्हा सारा दोष या एका प्रसंगावर टाकता येत नाही. शिवाय ठिणगी पाडून संदेश धाडणाऱ्या त्या वेळच्या यंत्रांचा आवाज पसरट असे. आपापल्या बारीक पट्टीत राहून बोलणे त्यांना जमतच नसे. दुर्घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेने बिनतारी केंद्रांना परवान्याची सक्ती केली. १९१४ साली लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तर अनेक जहाजांवर अहोरात्र कान उघडा ठेवण्याचे बंधन घातले.

पण वाचकहो, या एका रात्रीत दोन्ही प्रश्न कसे समोरासमोर आले ते पाहा. हाक कोणापर्यंत पोचते, हा पहिला. आणि एकाची हाक दुसऱ्याच्या कानावर गोंगाट होऊन कशी आदळते, हा दुसरा. पहिल्याला आपण जोडणी म्हणू, दुसऱ्याला व्यत्यय.

पंगतीतले गणित

व्यत्ययाचे गणित समजायला लग्नाची पंगत पुरेशी आहे. तुम्ही शेजारच्या पाहुण्यांशी बोलत आहात. त्यांचे बोलणे तुम्हाला कळेल की नाही, हे नुसते त्यांच्या आवाजावर ठरत नाही. त्यांच्या आवाजाला बाकी सगळ्यांच्या आवाजांच्या बेरजेने भागायचे. त्या बेरजेत पंख्यांची घरघरही मिळवायची. भागाकार पुरेसा मोठा आला तर शब्द कळतो, नाहीतर नुसतीच मान डोलवावी लागते. फोनचेही अगदी हेच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिले, की खरखरीतून बिनचूक मजकूर किती वेगाने नेता येतो, हे आवाज आणि खरखर यांच्या अशा भागाकाराशी बांधलेले आहे.

आवाज अंतराबरोबर विरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की बिनतारी लहरीचे बळ चौथ्या हिश्शावर येते. शहरात, घरे-भिंतींच्या गर्दीत, ते पुष्कळदा सोळाव्या हिश्शापर्यंत घसरते. म्हणूनच जवळचा इव्हान्स तोफ वाटतो आणि दूरचा केप रेस डास.

मग सगळ्यांनी मोठ्याने बोलावे, हा उपाय कसा? पंगतीत आपण नेमके तेच करतो. पण प्रत्येकाने आवाज दुप्पट केला, तर भागाकाराच्या वरची रक्कमही दुप्पट होते आणि खालची गर्दीही दुप्पट होते. भागाकार जवळजवळ तिथेच राहतो. घसे मात्र बसतात. फोनच्या बाबतीत बॅटरी बसते, एवढाच फरक.

दूध उतू जाते तेव्हा

आता जोडणीचा प्रश्न. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतीलच एडगर गिल्बर्ट या गणितज्ञाने एक चित्र कल्पिले. समजा, अफाट माळरानावर मुठी भरभरून लाह्या उधळल्या. प्रत्येक लाही म्हणजे एक छोटे बिनतारी केंद्र. त्याचा आवाज ठरावीक अंतरापर्यंत जातो. त्या अंतरात जे शेजारी असतील त्यांच्याशी ते बोलू शकते, आणि ते शेजारी निरोप पुढे देऊ शकतात. कोण कुठे पडेल याचा नेम नाही. तर या टोकाचा निरोप हातोहात किती दूर जाईल?

आपल्याला वाटेल, लाह्या वाढवाव्या तसतसा निरोप हळूहळू आणखी आणखी लांब जाईल. पण तसे होत नाही. दर केंद्रामागे सरासरी शेजारी थोडे असतील, तोवर माळरानावर लहान लहान बेटेच राहतात. निरोप एका बेटावर फिरून फिरून थकतो. पण शेजाऱ्यांची सरासरी एका ठरावीक आकड्यापुढे गेली, की बेटे एकदम एकमेकांना मिळतात आणि कोठेच न संपणारे एक अखंड जाळे उभे राहते. संगणकाने काढलेला तो आकडा साडेचारच्या आसपास आहे. दुधाचे पातेले चुलीवर असते, बराच वेळ काहीच घडत नाही, आणि आपण पाठ फिरवली की एका क्षणात उतू जाते, तसाच हा प्रकार.

अशीच कल्पना १९५७ साली इंग्लंडमध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी मांडली होती. तिचे मूळ होते विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत! त्यातल्या सच्छिद्र कोळशातून वायू आरपार पाझरेल की वाटेतच अडकेल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पाझराचे हे गणित पुढे निरोपाच्या कामी आले.

हवाई बेटांवरची हाकाटी

गिल्बर्ट यांच्या माळरानावर एक मोठी सोय होती. तिथे कोणाचा आवाज कोणाला आड येत नव्हता. खऱ्या जगात ती सोय नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे ओआहू बेटावरील मुख्य संगणकाला बिनतारी जोडली. त्या योजनेला त्यांनी 'अलोहा' हे तिथल्या नमस्काराचे नाव दिले. नियम अगदी साधा: मनात आले की बोला. दोघांची बोलणी एकमेकांवर आदळली तर दोन्ही फुकट; मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे.

या मोकळ्याचाकळ्या व्यवहाराचे गणित केले तेव्हा दिसले, की फार झाले तर १८ टक्के वेळच कामी लागतो. सर्वांनी घड्याळाच्या ठोक्यावरच तोंड उघडायचे, अशी शिस्त लावली तर तो दुप्पट, म्हणजे ३७ टक्क्यांच्या जवळ जातो. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे बोलू पाहणारे त्या मर्यादेपलीकडे वाढले, की कामी लागणारा वेळ वाढायचा थांबतो, एवढेच नव्हे तर घसरू लागतो. सगळेच ओरडतात आणि कोणाचेच पोचत नाही. आजही आपला मोबाईल मनोऱ्याला पहिली हाक देतो, ती साधारण याच अलोहा पद्धतीने. आमच्या कार्यालयात काय झाले असेल ते मला इथे उमगले!

बोलण्याआधी कानोसा घ्यावा, हा शहाणपणा पुढे आला. घरातले वायफाय तसेच चालते. पण त्यातही एक मेख आहे, ती १९७५ साली तोबागी आणि क्लाइनरॉक यांनी दाखवली. आई स्वयंपाकघरात आहे, बाळू पुढच्या बाल्कनीत आणि बेबी मागच्या खोलीत. दोघांना एकमेकांचा आवाज येत नाही. दोघेही कानोसा घेतात, सामसूम दिसते, आणि दोघेही एकदम हाक मारतात. आईच्या कानी येतो तो नुसता कालवा. यावर आईच तोडगा काढते. "थांबा रे! आधी बाळूचं ऐकते," असे ती म्हणते, आणि आईचा आवाज दोन्हीकडे जात असल्याने बेबी आपोआप थांबते. वायफायमध्येही गरज पडल्यास ऐकणाऱ्यानेच आधी असे सांगण्याची सोय ठेवलेली आहे. गप्प कोणी राहावे, हे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला अधिक नीट कळते!

जादूचा आकडा

मनोरे नाहीत, तारा नाहीत, प्रत्येकाने दुसऱ्याचा निरोप पुढे द्यायचा, अशा जाळ्यात आवाज किती मोठा ठेवावा? मोठा ठेवला तर निरोप थोड्या उड्यांत पोचतो; पण तेवढ्या मोठ्या टापूतल्या सर्वांना गप्प बसावे लागते. लहान ठेवला तर पुष्कळांना एकाच वेळी बोलता येते. पण उड्या वाढतात. क्लाइनरॉक आणि सिल्व्हेस्टर यांनी १९७८ साली हिशोब करून सांगितले, की दर केंद्राला सरासरी सहा शेजारी असावेत; सहा हा जादूचा आकडा! पुढे इतरांनी आठ म्हटले.

पण २००४ साली फेंग श्वे आणि पी. आर. कुमार यांनी ही जादू उतरवली. अखंड मोठे जाळे तयार झाले तरी कडेकोपऱ्यात एखादे केंद्र एकटे राहतेच. एकही केंद्र मागे राहू नये अशी अट घातली, तर कोणताच कायमचा आकडा पुरत नाही. जाळे मोठे होईल तसे शेजारीही वाढवावे लागतात. वाढ अगदी सावकाश असते: हजाराच्या जागी दहा लाख केंद्रे झाली, तर लागणारे शेजारी दुपटीच्या आसपास जातात. पण वाढवावे लागतात खरे. शेवटच्या माणसाला जोडून घेण्याची किंमत निराळी मोजावी लागते.

याच कुमार यांनी आणि मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या पीयूष गुप्ता यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जोडणी आणि व्यत्यय यांचा एकत्र जमाखर्च मांडला, तो मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे उत्तर थोडे कडू आहे. कितीही हुशारीने व्यवस्था लावा, माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतो, आणि तो माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभरांच्या जागी दहा हजार आले, तर प्रत्येकाचा वाटा फार तर दहावा हिस्सा उरतो. कारण जो तो आपला निरोप कमी आणि दुसऱ्यांची ओझी अधिक वाहत असतो. त्यातल्या त्यात बरा मार्ग एकच: आवाज जितका लहान ठेवता येईल तितका ठेवायचा, फक्त साखळी तुटेल इतका लहान करायचा नाही. ओरडण्यापेक्षा कानगोष्टींनी अधिक निरोप जातात, हे त्यांच्या गणिताचे सार.

आणि कोणी ही मर्यादा पाळलीच नाही तर? फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील दूस, बाचेली आणि तिराँ या तिघांनी २००३ साली गिल्बर्ट यांच्या माळरानावर व्यत्यय आणून सोडला. उत्तर उलटेच आले. सगळे एकदम बोलत असतील आणि एकमेकांचे आवाज पुरेसे वेगळे काढता येत नसतील, तर लाह्या वाढवल्याने आधी जुळलेले जाळे पुढे पुन्हा तुटून त्याची बेटे होतात. एकटेपण जसे विरळ वस्तीत असते तसेच ते फार दाट वस्तीतही असते.

आजोबांची गाडी

या साऱ्यातून सुटका नाहीच का? एक आहे, आणि ती मला सर्वांत आवडली. ग्रॉसग्लाउसर आणि त्से यांनी २००२ साली दाखवले, की केंद्रे एका जागी खिळलेली नसून हिंडतीफिरती असतील, तर वर्गमुळाची ती तूट टाळता येते. आपला निरोप भेटेल त्या प्रवाशाजवळ द्यावा. हिंडता हिंडता तो ज्याचा त्याला गाठेल तेव्हा अगदी जवळ जाऊन कानात सांगेल. उड्या थोड्या, गोंगाट थोडा. फक्त उशीर लागतो. आपल्याकडे गावच्या एस. टी.च्या कंडक्टरजवळ निरोप आणि डबा देणारी माणसे यापेक्षा वेगळे काय करीत होती?

आमच्या लग्नातही शेवटी तेच झाले. फोन लावून लावून सारे थकल्यावर आचाऱ्याचा मुलगा कोणाला न विचारता सायकलवर टांग मारून गेला आणि दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्याच एका कार्यालयाच्या दारात उभी असलेली आजोबांची गाडी घेऊन आला. अंतरपाट बरोबर १२ वाजून १७ मिनिटांनी दूर झाला.

आमचे तेवढ्यावर निभावले. पण पूर, भूकंप, अपघात अशा वेळी हजारो माणसे एकदम फोनला झोंबतात, आणि ज्याला खरोखरच मदत हवी असते त्याची हाक त्या गर्दीत गुदमरते. म्हणून भाच्याने सांगितलेले एक साधे पथ्य तुम्हालाही सांगून ठेवतो. अशा प्रसंगी 'मी सुखरूप आहे' एवढे दोन-तीन शब्द लिहून पाठवावेत. बोलण्यापेक्षा ते फार कमी जागा घेतात आणि गर्दीतून वाट काढतात. चित्रे मागाहून पाठवावीत. आपण गप्प राहिलो तेवढी जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते. तो कोण, हे आपल्याला कधी कळत नाही, इतकेच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सारा मुलूख एकमेकांना शुभेच्छा देऊ लागेल. माझ्या शुभेच्छा मात्र, वाचकहो, या कागदावरूनच घ्या. तेवढीच हवेतली गर्दी कमी!